तज्ज्ञांचा शब्द आणि तेरणेचे खोरे

'तज्ज्ञ' हा शब्द तत् आणि ज्ञ यांच्या संधीतून सिद्ध होतो. 'ते' जाणणारा तो तज्ज्ञ. म्हणजे 'ते' सोडून बाकीचे जाणत नाही, ही कबुली शब्दाच्या पोटातच दडलेली आहे. व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ उलट होत गेला. तज्ज्ञ म्हणजे ज्याच्या बोलण्यानंतर इतरांनी बोलायचे नसते तो. समाज त्याला हा मान उसना देतो, आणि उसन्या मानाची परतफेड करावी लागते. ती कशी चुकते याचे एक उदाहरण आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या (त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या) आणि शेजारच्या लातूरच्या भूमीत, तेरणेच्या काठी घडले. लाचखोरी, वाङ्मयचौर्य, खोट्या पदव्या यांसारखे ढळढळीत गुन्हे त्यात नाहीत. म्हणूनच ते अधिक तपासण्यासारखे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. दरवर्षी एवढ्या तीव्रतेचे भूकंप पृथ्वीवर कुठे ना कुठे होतच असतात. तरीही ५२ गावे पार जमीनदोस्त झाली. मृतांचे दोन आकडे प्रचलित आहेत. एक ७,९२८, दुसरा दहा हजारांच्या जवळ जाणारा. जखमी सोळा हजारांच्या आसपास. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव भूकंपाला मिळाले. पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, कवठा ही आमच्या बाजूची गावेही त्याच पहाटे संपली. (आज यांतील काही गावे लोहारा तालुक्यात आहेत, तेव्हा हा सारा भाग उमरगा तालुक्यातच मोडत असे.) इतिहासातही मोठ्या नावाच्या सावलीत लहान नावे झाकली जातात. असो.

या भूकंपाने जगभरच्या भूशास्त्रज्ञांना धक्का बसला, असे तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. धक्का बसला, कारण दख्खनचे पठार 'स्थिर' आहे अशी समजूत होती. शाळेच्या भूगोलात आम्ही हेच शिकलो: हिमालय तरुण आणि अस्वस्थ, द्वीपकल्प वृद्ध आणि अचल. भारतीय मानक आयएस १८९३ या संहितेत देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा असतो. १९८४ च्या आवृत्तीत किल्लारीचा परिसर पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात, दाखवला होता. धरणाच्या आराखड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अभियंत्यांचा आधार हाच नकाशा.

पण ही समजूत १९९३ पर्यंत टिकावी, हेच मुळी आश्चर्य. १८४३ मध्ये बेल्लारीला, १९०० मध्ये कोइमतूरला, १९३८ मध्ये सातपुड्यात, १९६९ मध्ये भद्राचलमला, १९७० मध्ये भडोचला भूकंप झाले होते. सारे द्वीपकल्पातलेच. आणि या यादीच्या मधोमध महाराष्ट्राला न विसरता येणारी तारीख आहे: ११ डिसेंबर १९६७, कोयनानगर. तेथेही वेळ पहाटेचीच होती. सुमारे १८० माणसे दगावली. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून, म्हणजे १९६२ पासून, तेथे लहान धक्के जाणवत होते. सप्टेंबर १९६७ मध्ये एक ठळक धक्का बसून गेला होता. डिसेंबरच्या भूकंपानंतर धरण आणि भूकंप यांचा काही संबंध नाही असे ठासून सांगणारे विद्वान आणि संबंध आहे असे म्हणणारे विद्वान असे दोन तट पडले, आणि ते बरीच वर्षे पडलेले राहिले. आज जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे कोयना हे जगातील ठळक उदाहरण मानले जाते. १९७० च्या नकाशात कोयनेला चौथ्या विभागात हलवण्यात आले. आमच्या मते खरी चूक येथे झाली. कोयनेचा विभाग बदलला, पण ज्या गृहीतकामुळे कोयना आधी सुरक्षित ठरली होती ते गृहीतक तसेच राहिले. जिथे भूकंप होऊन गेला तिथे रंग गडद करायचा आणि जिथे झाल्याची नोंद नाही तिथे फिका ठेवायचा, ही पद्धत नकाशाची म्हणावी की पंचनाम्याची?

'नोंद नाही' आणि 'घडले नाही' यांत फरक असतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. भूकंपाच्या शास्त्रात तो फरक अधिकच महत्त्वाचा. पृथ्वीच्या कवचातील एखादी भेग हजारो वर्षांतून एकदा हलत असेल, तर दीडदोनशे वर्षांच्या नोंदी पाहून तिला मृत ठरवणे म्हणजे माणूस रात्रभर हलला नाही म्हणून त्याला प्रेत समजण्यासारखे आहे.

आता १९९२ कडे येऊ. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के जाणवू लागले. त्यांतील सर्वांत मोठा १८ ऑक्टोबर १९९२ चा. नंतर धक्के विरळ होत गेले. म्हणजे मुख्य भूकंपाच्या आधी जवळजवळ वर्षभर या भूमीने आपली अस्वस्थता कळवली होती, आणि ती कळवताना लपवाछपवी केली नव्हती. भांडी वाजत होती, भिंतींना चिरा जात होत्या. यंत्र नसलेल्या माणसालाही समजेल अशा भाषेत ते सारे चालले होते.

यावर शास्त्रज्ञांच्या बाजूचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते खोटे नाही: भूकंपाचे भाकीत करता येत नाही. लहान धक्क्यांची मालिका बहुतेक वेळा काहीही न होता विरून जाते. मोठा भूकंप कधी, कुठे, केवढा हे सांगण्याचे शास्त्र १९९३ मध्ये नव्हते, आजही नाही. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचेंगचे लोक भूकंपापूर्वी घराबाहेर काढले गेले आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, तांगशान कोणत्याही इशाऱ्याविना उद्ध्वस्त झाले. सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली. तेव्हा '३० सप्टेंबरची तारीख आधी का सांगितली नाही' हा प्रश्न अन्यायाचा आहे, आणि तो विचारणाऱ्यांत आम्ही नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. भूकंप होईल की नाही हे ठाऊक नव्हते, हे मान्य. पण झाला तर काय कोसळेल, हे ठाऊक होते की नाही?

येथे माळवदाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्याभोवती दगडमातीच्या दोन-अडीच फूट आणि कित्येकदा त्याहून जाड भिंती, आणि वर मातीचे माळवद. घर किती मोठे हे खणांत सांगत. उन्हाळ्यात असे घर गार, थंडीत उबदार. माळवदावर पापड-कुरडया वाळत, उन्हाळ्याच्या रात्री माणसे निजत. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी वर पांढरी माती टाकायची रीत. दरवर्षी थोडी माती चढे आणि पिढ्यांमागून पिढ्या छताचे ओझे वाढत जाई. भिंतीचे आणखी एक गुपित होते. बाहेरून अखंड दिसणारी ती भिंत वस्तुतः दोन पातळ भिंतींची जोडी असे. आतला आणि बाहेरचा दर्शनी थर वेगळा, मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. जमीन आडवी हलली की दोन थर सुटून फाकत आणि मधला भराव ढासळे. किल्लारीनंतरच्या पाहणीत अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा आणि भिंती मात्र ढिगाऱ्यात, असे दृश्य दिसले. माणसे दगडांखाली आणि मातीखाली गुदमरून मेली.

हे ज्ञान किल्लारीनंतर जन्मले असे नाही. रुरकीच्या विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचा अभ्यास कित्येक दशके चालू होता. अभियंत्याच्या आराखड्यावाचून गवंड्याने बांधलेल्या घरांसाठी भूकंपरोधक बांधणीची मार्गदर्शिका आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि ते काम करणाऱ्या समितीचे प्रमुख रुरकीचेच प्रा. आनंद आर्य होते. आरपार दगड घाला, छताचे ओझे कमी करा, दारांच्या वर भिंतीभोवती पट्टा फिरवा, कोपरे बांधून घ्या: उपाय गवंड्याला समजतील असे आणि खिशाला झेपतील असे होते. ऑगस्ट १९९२ ते सप्टेंबर १९९३ हा काळ तेरा महिन्यांचा. माळवदावरची निम्मी माती उतरवायला एवढा वेळ लागत नाही. हा संदेश तेरणेच्या खोऱ्यात कुणी कुठल्या मार्गाने पोहोचवायचा, हा प्रश्न कुणाच्याच कक्षेत बसत नव्हता. भूशास्त्रज्ञाचे काम खडकापाशी संपत होते, अभियंत्याचे संहितेपाशी, प्रशासनाचे परिपत्रकापाशी. संहिता खेड्यातील घराला लागूच नव्हती. आणि नकाशा पहिला विभाग दाखवत असताना काळजी वाहण्याचे कुणाला कारण नव्हते.

जे माहीत आहे ते सांगायचे नाही आणि जे माहीत नाही त्याविषयी निश्चिंत दिसायचे, अशी ही दुहेरी चूक. तिला विश्वासघात म्हणावे का? कायद्याच्या अर्थाने नाही. कुणी खोटे बोलले असे दाखवता येत नाही. पण विद्वानाला समाज पोसतो तो त्याने खोटे बोलू नये एवढ्याचसाठी नव्हे.

हा प्रश्न एकदा खरोखरच न्यायालयात गेला, तो इटलीत. तेथील लाक्विला या शहरात २००९ च्या आरंभी अनेक महिने लहान धक्के बसत होते. एक तंत्रज्ञ रेडॉन वायू मोजून भाकिते करत होता आणि लोक घाबरले होते. ३१ मार्च रोजी सरकारने मोठ्या आपत्तींविषयीच्या आयोगाची बैठक शहरात बोलावली. ती तासाभरात आटोपली. बैठकीपूर्वीच नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बर्नार्डो दे बर्नार्दिनिस यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले होते, की धोका नाही. लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, हे उलट चांगलेच. शास्त्राच्या दृष्टीने हे विधान चुकीचे होते. आयोगातील शास्त्रज्ञांना ते चुकीचे असल्याचे कळत नसेल असे म्हणवत नाही. लोकांसमोर येऊन ते दुरुस्त मात्र कुणी केले नाही. ६ एप्रिलच्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी भूकंप झाला, ३०९ माणसे गेली. धक्के जाणवले की घर सोडून उघड्यावर रात्र काढायची, ही तेथील जुनी रीत. अनेक कुटुंबांनी त्या रात्री ती मोडली, कारण तज्ज्ञांनी धीर दिला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि हा अधिकारी, अशा सातही जणांना सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कायम केले.

जगभरच्या वृत्तपत्रांनी 'भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना तुरुंग' असे मथळे दिले. ते दिशाभूल करणारे होते. खटला भाकिताचा नव्हताच. खटला दिलाशाचा होता. बैठकीपूर्वी खात्याच्या प्रमुखाने दूरध्वनीवर केलेले संभाषण पुढे उघड झाले. ही बैठक म्हणजे लोकांना शांत करण्यासाठी माध्यमांपुढे करायचा देखावा आहे, असा त्याचा आशय होता. शास्त्रज्ञांना त्या देखाव्यात नेपथ्यासारखे उभे केले होते आणि ते उभे राहिले. अपिलातील निर्दोषत्व आम्हांला मान्य आहे. तुरुंग हा या अपराधाला उपाय नाही. पण नेपथ्य व्हायला संमती देणे ही विद्येच्या क्षेत्रातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली अनीती आहे. आपल्याकडे चौकशी समित्या, सल्लागार मंडळे, पाठ्यपुस्तकांच्या समित्या यांतून ती रोज घडते. आम्ही साहित्याचे प्राध्यापकही त्यातून सुटलेले नाही.

किल्लारीत दिलाशाऐवजी मौन होते, आणि भूकंपानंतर तर बोलणाऱ्यांची रीघ लागली. माकणीजवळच्या निम्न तेरणा धरणाने भूकंप झाला, असे लोक म्हणू लागले. कोयनेनंतर असे वाटणे स्वाभाविकच होते. काही अभ्यासकांनी ही शक्यता गंभीरपणे तपासली, काहींनी जलाशय उथळ आणि लहान म्हणून ती नाकारली. मतभेद असण्यात गैर काही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीचा काळा खडक ओलांडल्यावर त्याखालचा प्राचीन पाया लागला. हे काम चांगलेच झाले. परंतु या साऱ्या संशोधनाचे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत गेले. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापर्यंत मराठीत सलग, समजेल असे काय पोहोचले? अफवा पोहोचल्या.

पुनर्वसनात तज्ज्ञांचा दुसरा अवतार दिसला. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम आखला गेला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. हे काम प्रचंड होते, आणि ते वेगाने झाले याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु आराखडे पाहिले की मन खट्टू होते. जुने गावठाण दाट, वळणावळणाचे, ओसरी आणि वाड्यांचे. नवे गाव सरळ रस्त्यांचे, चौकोनी, जुन्याच्या कित्येक पट पसरलेले. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, शेजारणीशी कुठे बसून बोलायचे, याची उत्तरे नकाशात नव्हती. घराचा आकार ठरला तो जमिनीवर: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. भूकंपाने सर्वांना एका रात्रीत सारखे केले होते. तज्ज्ञांच्या तक्त्याने दुसऱ्या दिवशी सातबारा पाहून पुन्हा उतरंड लावली. आणि ही उतरंड 'निकष' या तटस्थ शब्दात मांडली गेल्याने तिच्यावर वाद घालणेही अवघड झाले. जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे मराठवाड्यात जातीचा उल्लेख न करताही कळते.

याच काळात दगड बदनाम झाला. दगडाने मारले, सिमेंटने वाचवले, असे सोपे समीकरण लोकांच्या मनात बसले. दगडाच्या भिंतीतही आरपार दगड आणि पट्टे घालून घर सुरक्षित करता येते, हे सांगणारे अभियंते होते. कार्यक्रमात जुन्या घरांच्या मजबुतीकरणाची तरतूदही होती. पण बहुसंख्य कुटुंबांनी मदतीच्या पैशातून जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. लोकांना तज्ज्ञांचे पटले नाही. का पटावे? पटण्यासाठी आधीचा अनुभव लागतो, आणि आधीचा अनुभव १९९३ चा होता. अपवाद होते. लॉरी बेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'मल्याळ मनोरमा'ने लातूर जिल्ह्यात बाणेगाव वसवले. असे काम करणारे वास्तुविद थोडे होते, म्हणून त्यांची नावे लक्षात राहतात.

२००२ मध्ये नकाशा सुधारला. पहिला विभागच रद्द झाला. देशात 'सर्वांत सुरक्षित' असा भाग कागदावर उरला नाही. किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. पुन्हा तीच पद्धत: भूकंप होऊन गेला, रंग गडद झाला.

या कथेतील सर्वांत विलक्षण भाग मात्र तेरचा आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, ग्रीक सागरवर्णनात उल्लेखलेले व्यापारी नगर. तगर कोणते यावर विद्वानांनी अनेक वर्षे वाद घातला आणि १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेरचे नाव निश्चित केले. १९५८ मध्ये चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. मणी, मृण्मूर्ती, रोमन धर्तीच्या वस्तू निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचलेला संग्रह आज तेथील संग्रहालयात आहे. हे सारे पाहायला देशोदेशीचे अभ्यासक आले. किल्लारीनंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन हे भूशास्त्रज्ञ तेरला गेले आणि त्यांनी जमिनीचे थर वेगळ्या नजरेने वाचले. विस्कटलेल्या थरांत त्यांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा आढळल्या. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरही तेरणेच्याच काठी आहे, किल्लारीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर.

म्हणजे 'नोंद नाही' असे म्हणताना नोंद जमिनीतच होती. पुरातत्त्वज्ञ तेथे नाणी आणि मणी शोधत होते, भूशास्त्रज्ञ तेथे फिरकलेच नव्हते, आणि संहितेचा नकाशा दिल्लीत छापला जात होता.

२१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत जाणवले. मधूनमधून धाराशिव आणि आसपासच्या गावांत गूढ आवाज होतात, काचा हादरतात, लोक रस्त्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात घाबरून जाऊ नये असे आवाहन छापून येते. कोणते घर धोक्याचे, त्याच्या माळवदावर किती माती आहे, भिंतीत आरपार दगड आहे की नाही, हे त्या बातमीत नसते. माळवदाची घरे मात्र आमच्या जिल्ह्यातील खेड्यांत अजून उभी आहेत.